सरासरी काय म्हणतेय?

"कोण बदलतं हे? रात्री भुतं येतात का इथे कॉम्प्युटर शिकायला?"

धाकटे भाऊजी तसे कुणालाच उद्देशून बोलत नव्हते. पण सूनबाईच्या खांद्यावरून मान पुढे काढून, तिच्या कानाशी पेपरमिंटचा वास सोडत पुटपुटत होते, तेव्हा हे 'कुणालाच नाही' म्हणजे तिलाच, हे उघड होतं.

"काय बदललं?" तिने विचारलं. विचारताना मान वळवली नाही. खोटं बोलायचं असेल तर पडद्याकडे बघून बोलावं, हे ती या खुर्चीत बसल्यावर आपोआप शिकली होती.

"ही खालची पट्टी. काल मी पाच आकडे दिसतील असं करून गेलो होतो. आज तीनच. सरासरी आहे, गणती आहे, बेरीज आहे. किमान आणि कमाल कुठे गेले?"

"गेले असतील कुठेतरी. येतील जेवायच्या वेळेला."

"वहिनी, कोंबडं झाकलं म्हणून..."

"आपल्याकडे साबण होतो, भाऊजी. कोंबड्या नाहीत."

भाऊजींनी पुढचं बोलायला तोंड उघडलं, शेजारच्या खोलीकडे एकदा बघितलं, आणि उघडलंच आहे तोंड तर म्हणून त्यात आणखी एक पेपरमिंटची गोळी टाकली.

शेजारच्या खोलीत बाबा वड्या कापत होते.

घराच्या तळमजल्यावर त्यांचा साबणाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे ओळीने तीन खोल्या. पहिलीत सूनबाईचा नवरा तेल आणि कॉस्टिक सोडा घोटून साच्यात ओतायचा. दुसरीत ती घट्ट झालेली लादी टेबलावर घेऊन बाबा तिच्या वड्या कापायचे. तिसरीत सासूबाई वड्या कागदात बांधायच्या, आणि तिथेच कोपऱ्यात, कागदाच्या गठ्ठ्यांच्या आडोशाला, सूनबाई तराजू आणि कॉम्प्युटर घेऊन बसायची. भाऊजींना स्वतःची खोली नव्हती. ते विक्री बघायचे, म्हणजे सगळ्यांच्या खोल्यांतून फिरायचे.

बाबांचं कापणं हे त्या घरातलं देवासारखं काम होतं. दोन लाकडी मुठी, त्यांच्यामध्ये ताणलेली बारीक तार. पट्टी नाही, रेघ नाही. "खुणा शिंप्याने कराव्यात," ते म्हणायचे. एक डोळा किंचित बारीक करायचा, तार अलगद खाली यायची आणि वडी बाजूला पडायची. एकीसारखी दुसरी, जुळ्या बहिणींनी हेवा करावा अशी. "ज्या दिवशी माझी वडी चुकेल," ते पाहुण्यांना ऐकवायचे, "त्या दिवशी ही तार खुंटीला. मग मी आणि माझी खुर्ची."

तेव्हा ती बढाई होती. आता ते वाक्य आठवलं की घरातल्या प्रत्येकाला काहीतरी काम आठवायचं.

कारण बाबा आणि खुर्ची हे प्रकरण काय असतं, ते सगळ्यांनी एकदा पाहिलं होतं. मागे तापाने त्यांना घरी बसावं लागलं. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवरचं चालू घड्याळ दुरुस्त करून बंद पाडलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचे डबे उंचीप्रमाणे लावले, त्यावरून भांडण झालं. आणि मग ते नुसते बसून राहिले. भिंतीकडे बघत. हाक मारली तरी दोन हाकांनंतर "अं?" म्हणत. ताप उतरला, कापण्याच्या टेबलाशी उभे राहिले, आणि पहिली वडी पडताच पुन्हा माणसात आले. ते भिंतीकडे बघणं मात्र कुणाच्या डोळ्यांपुढून हललं नाही.

कॉम्प्युटर घरात आला तोही बाबांमुळे. त्यावर कुणी बसायचं यावर घरात सभा भरली होती. भाऊजींनी कोर्स केला होता, प्रमाणपत्र फ्रेममध्ये होतं, प्रश्नच नव्हता. पण बाबा म्हणाले, "हा बसला तर उठायचा नाही. हिला बसवा. हिला बसायला मिळतं तरी कधी?" सूनबाई तेव्हा दाराआड पीठ मळत होती. तिचं शिक्षण अर्ध्यावर सुटलेलं, इंग्रजी अक्षरं ओळखीची पण बोलाचालीची नव्हेत. हाताला पीठ तसंच ठेवून ती आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पुढे ती शिकली, चुकत चुकत शिकली. भाऊजी शिकवायला यायचे, पण त्यांची शिकवण्याची पद्धत म्हणजे माउस हिसकावून घेणे.

खालच्या पट्टीचा शोध तर साबणामुळेच लागला. दिवसाच्या पहिल्या लादीची प्रत्येक वडी ती तोलायची, वजनं एकाखाली एक लिहायची, आणि तो रकाना निवडला की पडद्याच्या अगदी तळाशी आपोआप हिशेब यायचा: सरासरी इतकी, गणती इतकी, बेरीज इतकी. एकदा बोट निसटलं, उजवं बटण दाबलं गेलं, नेमकं त्या पट्टीवरच. भलीमोठी यादी वर उसळली. जे हवं त्यापुढे बरोबरची खूण. खूण काढली की आकडा पट्टीवरून गुल. आकडेमोड काही बदलत नाही, फक्त दिसत नाही. सूनबाई कितीतरी वेळ खुणा करत आणि काढत बसली. कुणाला काय दिसावं आणि काय दिसू नये, हे ठरवायचा इतका सोपा रस्ता इतक्या वर्षांच्या संसारात तिला कुणी दाखवला नव्हता.

मग पट्टीवरून घरात राजकारण सुरू झालं. सासूबाईंना गणती हवी, कारण कागद तेवढेच कापायचे. भाऊजींना बेरीज हवी, कारण गिऱ्हाइकाला किलोंत सांगितलं की छाती फुगते. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "काहीही." तो बोलायचाच तेवढं. आणि बाबांना हवी सरासरी. रोज सकाळी पहिली लादी संपली की ते मधल्या दारातून विचारायचे, "पोरी, सरासरी काय म्हणतेय?"

"एकशे तीन, बाबा."

वेष्टनावर छापलेलं वजन शंभर. "बघा!" बाबा म्हणायचे, आणि जणू तराजूशीच त्यांची पैज लागली होती अशा थाटात मागे वळायचे.

सूनबाईने पहिल्यांदा हौसेने पाचही आकडे लावले होते. तिथेच घात झाला. किमान अठ्ठ्याण्णव, कमाल एकशे आठ, असं ते जोडपं सुरुवातीला एकमेकांना धरून असायचं. मग हळूहळू रुसल्यासारखे दोघे लांब सरकू लागले. नव्वद आणि एकशे सोळा. ब्याऐंशी आणि एकशे तीस. सरासरी मात्र ठाम. ती हलणार कशी? लादी तीच, तिचे तुकडे तेवढेच. बाबांनी कापलं काय, बोक्याने नखांनी कापलं काय, सरासरी एकशे तीनच येणार. सूनबाईला हे एके दिवशी वड्या तोलता तोलता लक्षात आलं आणि तिने तराजूवरची वडी उचलली ती हातातच राहिली. मधल्या भिंतीतल्या काचेपलीकडे बाबा दिसत होते. त्यांनी तार धरली होती. उजवी मूठ स्थिर होती, डावी मूठ नव्हती.

तिने उजवं बटण दाबलं. किमानची खूण काढली. कमालची काढली. मग वडी तराजूवर ठेवली.

तिला वाटलं होतं, हे आपल्या एकटीलाच कळलंय. पण त्या घरात गुपित ठेवणं म्हणजे उघड्या ताटावर जाळी ठेवणं. माशी बसत नाही, दिसतं मात्र सगळं. सासूबाई बाबांना चहा आता अर्धा कपच देऊ लागल्या. "दूध पुरत नाही" म्हणायच्या, आणि थोड्या वेळाने उरलेला अर्धा आणून द्यायच्या. बाबांनी दाढी वाढवली. सगळे म्हणाले, शोभते. अजिबात शोभत नव्हती. सासूबाई फारच बारीक वड्या गपचूप बाजूला काढायच्या आणि दोन-दोन एका कागदात बांधायच्या. भाऊजींनी त्याला "दांपत्य पॅक" असं नाव दिलं आणि दुकानदारांना विकूनही दाखवलं. नवरा काही न बोलता साच्यात थोडं जास्त ओतू लागला, म्हणजे बारीक वडीही फार बारीक पडू नये. त्यामुळे सरासरी एकशे सातवर गेली.

"एकशे सात!" बाबा त्या दिवशी म्हणाले होते. "वय वाढतंय तसा हात सुधारतोय माझा."

"हो ना," चौघे एकदम म्हणाले होते. इतकं एकदम की बाबा क्षणभर थांबले होते.

भाऊजींचं तेवढं वेगळं होतं. तेही कुणाला काही बोलत नव्हते, पण त्यांना वाटे, आपण नाही तर निदान मशीनने बोलावं. म्हणून ते जाता येता पट्टीवर किमान-कमाल लावून ठेवायचे. बाबांची नजर पडेल, त्यांचं त्यांनाच कळेल, कुणाच्या तोंडाला विटाळ नको. आणि सूनबाई ते रोज काढून टाकायची. दोघांत यावरून एक शब्द झाला नव्हता. भुतांवर ढकललेलं होतं.

"आज हॉटेलच्या मॅनेजरबाई येणार आहेत," भाऊजी आता म्हणाले. गोळी गालात सरकवून. "त्यांचा फोन काही गोड नव्हता. म्हणून म्हणतो, पाच आकडे असू द्या."

"त्या आल्या की बघू," सूनबाई म्हणाली.

त्या आल्याच. दारातून आधी त्यांची पर्स आली, मग त्या. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, चालणं असं की फरशीने बाजूला व्हावं. सासूबाईंनी पुढे केलेल्या खुर्चीत त्या बसल्या नाहीत. पर्समधून रुमाल काढला, रुमालातून दोन वड्या काढल्या, आणि पुरावा मांडावा तशा टेबलावर मांडल्या. एक विटेसारखी. दुसरी पत्त्याच्या कॅटमधली.

"दोन खोल्या," त्या म्हणाल्या. "शेजारी शेजारी. एकीत नवरा-बायको, दुसरीत बायकोची आई. आईच्या खोलीत ही." विटेवर बोट. "जावयाच्या खोलीत ही." पत्त्यावर बोट. "तो जावई खाली येऊन मला विचारतो, बाई, हॉटेलसुद्धा सासूच्याच बाजूने का?"

नवरा हातातल्या साच्यासकट इथवर येऊन उभा होता, त्याच्या घशातून काहीतरी निसटलं. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, तसा तो खोकला झाला.

"मॅडम, हाताने कापलेला माल आहे," भाऊजी पुढे झाले. "प्रत्येक वडीचं स्वतःचं असं व्यक्तिमत्त्व..."

"मला व्यक्तिमत्त्व नकोय. साबण हवाय. वजनं लिहिता ना तुम्ही? दाखवा."

सूनबाईने सकाळचा रकाना निवडला. पट्टीवर तीन आकडे आले. तिने त्यातल्या एकावर बोट ठेवलं. "सरासरी एकशे सात. छापलंय शंभर. उलट जास्तच देतो आम्ही."

"सरासरी!" मॅनेजरबाई म्हणाल्या. "माझ्याकडे एक पाहुणा उपाशी झोपला आणि दुसऱ्याने दोन ताटं जेवली, तर सरासरी एकेक ताट. दोघेही खूश असतील का? सगळ्यात बारीक किती अन् सगळ्यात जाड किती, ते सांगा."

"ते आमच्या यात येत नाही," सूनबाई पडद्याकडे बघत म्हणाली.

भाऊजींनी छताकडे बघितलं. फ्रेममधलं प्रमाणपत्र जणू तिथेच टांगलं होतं.

"सगळ्यांच्या यात येतं." मॅनेजरबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि भावजयीच्या स्वयंपाकघरात येऊन हक्काने पातेल्यावरचं झाकण उचलणाऱ्या नणंदेसारखा माउस हातात घेतला. उजवं बटण. यादी वर आली. खूण. आणखी एक खूण. "हे बघा. तुम्ही लावलं नव्हतं, बस."

किमान एकाहत्तर. कमाल एकशे एकोणपन्नास.

दोघे एवढे लांब गेल्याचं सूनबाईलाही माहीत नव्हतं. झाकून ठेवलेलं आपण तरी कुठे उघडून बघतो?

"पोरी, सरासरी काय म्हणतेय?"

बाबा मधल्या दारात उभे होते. पहिल्या लादीचा हिशेब विचारायला आले होते. उजव्या हातात गुंडाळलेली तार, डावा हात एप्रनच्या खिशात. त्यांनी पाहुणीला मान लवून नमस्कार केला. मॅनेजरबाईंनी नमस्कार घेतला, पण त्यांची चौकशी अजून संपली नव्हती.

"या वड्या कापतं कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," नवरा म्हणाला.

सगळ्यांनी वळून त्याच्याकडे बघितलं. तो माणूस इतक्या वर्षांत एवढं पटकन कधी बोलला नव्हता.

"म्हणजे," सासूबाई घाईने म्हणाल्या, "हा ओततो. कापते मीच. डोळ्यांना दिसत नाही हो आता मला नीट. चाळिशी लागली ती उतरलीच नाही."

"आई कसली कापते!" भाऊजी म्हणाले. "मी. मी कापतो. विक्रीची घाई असते, एक पाय दारात, एक पाय टेबलाशी. व्हायचं तेच होतं."

"भाऊजींनी आयुष्यात काकडी कापली नाही," सूनबाई म्हणाली. आपल्या तोंडून काय येतंय हे तिला येताना कळत होतं. "वड्या बरोबरच असतात. वजनं मीच चुकीची लिहिते. मला आकडे नीट टाकता येत नाहीत. शिकले नाही मी फारशी."

मॅनेजरबाईंनी पत्त्यासारखी वडी तराजूवर ठेवली. तराजू बहात्तर म्हणाला. तो शिकलेला होता.

"चौघं मिळून एक वडी कापता का तुम्ही?" त्यांनी विचारलं. "एकाच तारेने?"

मॅनेजरबाईंची नजर चौघांवरून फिरत शेवटी बाबांच्या हातातल्या तारेवर गेली, आणि तिथे थांबली. मग त्यांनी चष्मा काढला आणि अगदी वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "मी जरा बाहेर फोन करून येते." फोन पर्समध्येच होता. पर्स टेबलावरच राहिली.

त्या गेल्यावर बाबा सावकाश आत आले. सूनबाईच्या खुर्चीमागे उभे राहिले, सकाळी भाऊजी उभे होते तसेच. फक्त आता पेपरमिंटऐवजी निलगिरीच्या साबणाचा वास आला.

"हे काय नवीन आलंय खाली?"

"अहो, चहा टाकते," सासूबाई म्हणाल्या. "मंडळी, सरका बघू, चहा..."

"थांब जरा." बाबा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "पोरी, हे दोन आकडे कसले?"

"एक सगळ्यात बारीक वडीचा, बाबा. एक सगळ्यात जाड वडीचा."

"आजच्या लादीतल्या?"

"हो."

"मी कापलेल्या."

त्यावर तिने नुसती मान हलवली.

"बाबा, कॉम्प्युटरचं काही खरं नसतं," भाऊजी म्हणाले, "व्हायरस वगैरे..." ज्या आकड्यांसाठी रोज भुतांना नावं ठेवली, ते आज समोर आले होते, आणि भाऊजींचा चेहरा असा झाला होता की ते परत गेले तर बरं.

"हे दोघे आधी नव्हते का?"

"होते."

"मग मला कधी दिसले नाहीत ते?"

"पट्टीवर काय दिसावं ते आपण ठरवू शकतो. मी त्यांची खूण काढली होती."

"रोज?"

"हे भाऊजी रोज लावायचे. मी रोज काढायचे."

बाबांनी धाकट्याकडे बघितलं. धाकटा फरशीकडे बघत होता. थोरल्याकडे बघितलं, तो साच्याला लागलेला साबण नखाने खरवडत होता. सासूबाई रिकामा कप पुसत होत्या, पुसलेलाच पुन्हा.

"म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं," बाबा म्हणाले. रागाने नाही. हिशेब जुळवणाऱ्या माणसाच्या आवाजात. "आणि मी रोज विचारत होतो, सरासरी काय म्हणतेय."

त्यांनी तार टेबलावर ठेवली. डावा हात खिशातून काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टेकवला. खुर्ची बारीकशी वाजू लागली, लाकडाला लाकूड लागून, टकटक टकटक. कुणीही तिकडे बघितलं नाही. इतकं न बघणं त्या घराला चांगलंच जमलं होतं.

सूनबाईच्या पाठीला ती टकटक लागत होती. ही खुर्ची तिला त्यांनीच दिली होती.

"तू का काढायचीस, पोरी?" बाबांनी विचारलं. "बाकीच्यांचं राहू दे. तू सांग."

म्हणता येण्यासारखं पुष्कळ होतं. आकडे जास्त झाले की गोंधळ होतो. पट्टीवर जागा नव्हती. माउस बिघडलाय. ती पडद्याकडे बघत होती, आणि पडद्याकडे बघून तिला काहीही बोलता येत असे.

तिने खुर्ची वळवली. त्यांचा हात धरला, त्या हाताकडे बघितलं, आणि मग त्यांच्या डोळ्यांकडे.

"कारण तुमचा हात थरथरतो, बाबा."